उटण्याच्या पाकिटाला नक्की कुठलं सर्टिफिकेट लागतं?

आपल्या पॉडकास्टच्या या भागाचं हे लेखी रूप. गाडीवर ऐकताना फॉर्मचे नंबर निसटतात, अशी तक्रार बऱ्याच जणांनी केली. म्हणून हा भाग जरा सावकाश लिहून काढलाय. भाषा मात्र बोलल्यासारखीच ठेवलीय, सांभाळून घ्या.

विषय आला एका व्हॉइस नोटमधून. गडहिंग्लजकडची एक ताई घरी उटणं, साबण आणि केसांचं तेल बनवते. इन्स्टावर विकते, दिवाळीत ऑर्डरी हाताबाहेर जातात. आता न्यू जर्सीतल्या एका भारतीय किराणा दुकानानं तिला विचारलंय, दिवाळीच्या आत पाचशे पाकिटं पाठवाल का? आणि त्याच आठवड्यात तिला एका एजंटचा फोन आला. "मॅडम, यूएस एफडीए सर्टिफिकेट, आयएसओ, जीएमपी, सगळं एका पॅकेजमध्ये. दहा दिवसांत पीडीएफ हातात." पैसे भरायला ती पतसंस्थेतून कर्ज काढायच्या तयारीत आहे. तिचा प्रश्न एवढाच होता: घेऊ का?

उत्तर आधीच सांगतो. नका घेऊ. त्या पॅकेजमधलं पहिलं नाव, 'यूएस एफडीए सर्टिफिकेट', कॉस्मेटिकसाठी अस्तित्वातच नाही. अमेरिकेची एफडीए कॉस्मेटिकला बाजारात यायच्या आधी मंजुरी देत नाही. कारखान्याची नोंदणी होते, तिचा नंबर मिळतो, पण एफडीए त्याचं प्रमाणपत्र छापून देत नाही. गरुडाचं चित्र आणि सोनेरी बॉर्डर असलेला जो कागद तुम्हाला व्हॉट्सअपवर दिसतो, तो एजंटनं स्वतः डिझाइन केलेला असतो. पाकिटावर 'एफडीए अप्रूव्हड' छापलं तर उलट तेच चुकीचं लेबल ठरतं.

मग खरं काय लागतं? इथं चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण चौघींनाही 'सर्टिफिकेट' म्हणतो, तिथंच घोळ होतो. एक परवाना, म्हणजे सरकारनं तुम्हाला माल बनवायची दिलेली परवानगी. दुसरी नोंदणी, म्हणजे मी हा माल विकतोय असं तुम्ही सरकारला कळवणं. तिसरा चाचणी अहवाल, लॅबनं तुमचा एक नमुना तपासून दिलेले आकडे. आणि चौथं खरंखुरं प्रमाणपत्र, म्हणजे कुणा तिसऱ्या संस्थेनं येऊन तुमची पद्धत तपासली आणि शिक्का दिला. निर्यातीत सगळ्यात जास्त जाहिरात चौथ्याची होते. आणि माल अडकतो तो बहुतेक पहिल्या तिघांमुळे.

कोल्हापुरात बसून हे समजायला आपल्याकडे एक उदाहरण तयार आहे, चप्पल. कोल्हापुरी चपलेला जीआय आहे. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर, असे आठ जिल्हे त्यात येतात. २०२५ च्या जूनमध्ये प्राडानं मिलानच्या शोमध्ये तशीच चप्पल दाखवली तेव्हा सगळ्यांच्या तोंडी जीआय होता. पण जीआय काय सांगतो? हे नाव कुणाचं आणि कुठलं, एवढं. चामडं कमावताना कुठलं रसायन वापरलं, ते पायाला सुरक्षित आहे का, याची चाचणी वेगळीच असते. कोल्हापूरच्या गुळालाही जीआय आहे. म्हणून कुणी गुळाचा साबण बनवून त्याच्यावर जीआयचा लोगो लावला तर तो साबण सुरक्षित ठरत नाही, आणि तसा लोगो लावायचा हक्कही त्याला मिळत नाही. प्रत्येक शिक्का एकाच प्रश्नाचं उत्तर देतो. तो प्रश्न कुठला, हे आधी बघायचं.

घरचा परवाना

सुरुवात अमेरिकेपासून नाही, आपल्या गल्लीपासून होते. भारतात साबण, तेल, शाम्पू, क्रीम, काजळ, कुंकू, हे सगळं औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० खाली येतं. त्याखाली डिसेंबर २०२० मध्ये स्वतंत्र कॉस्मेटिक्स नियम आले. विकण्यासाठी कॉस्मेटिक बनवायचं तर परवाना लागतो, आणि 'हँडमेड' किंवा 'होममेड' लिहिल्यानं त्यातून सुटका होत नाही. हे ऐकून इन्स्टावरच्या निम्म्या साबणवाल्या दचकतील, माहितीये मला.

अर्ज फॉर्म सीओएस-५ मध्ये करायचा, परवाना सीओएस-८ मध्ये मिळतो. देतं राज्याचं अन्न व औषध प्रशासन, म्हणजे आपली महाराष्ट्राची एफडीए. (बघा, एफडीए दोन आहेत. लोक 'एफडीए आहे आमच्याकडे' म्हणतात तेव्हा कुठली, हे विचारायचं.) जागा वेगळी आणि धुता येण्यासारखी हवी, पाण्याची सोय हवी, पात्र तांत्रिक माणूस हवा, प्रत्येक बॅचची नोंद हवी. स्वयंपाकघरात गॅसवर एकीकडे आमटी आणि दुसरीकडे साबणाचं तेल, असं चालत नाही.

मग लहान माणसानं शिरोली किंवा गोकुळ शिरगावला गाळा घ्यायचा का? दरवेळी नाही. दोन वाटा आहेत. एक लोन लायसन्स. यात दुसऱ्याच्या परवानाधारक कारखान्यात, त्याची यंत्रं वापरून, तुम्ही तुमच्या नावावर माल बनवता. त्याचा अर्ज सीओएस-६, परवाना सीओएस-९. दुसरी वाट म्हणजे त्या कारखान्याकडून त्याच्याच परवान्यावर माल बनवून घ्यायचा आणि ब्रँड आपला लावायचा. पाकिटावर खऱ्या उत्पादकाचं नाव, पत्ता, परवाना क्रमांक येतो आणि 'मार्केटेड बाय'मध्ये तुम्ही. सुरुवातीला मला हीच वाट शहाणपणाची वाटते. हातचं काम जातं, हे खरंय. आजीच्या खलबत्त्याची गोष्ट मग जपून सांगावी लागते.

मालाची मानकं भारतीय मानक ब्युरो ठरवतं. अंघोळीच्या साबणाचं मानक आयएस २८८८. त्यात तीन ग्रेड आहेत आणि त्या ठरतात एकूण स्निग्ध पदार्थावर, ज्याला टीएफएम म्हणतात: पहिल्या ग्रेडला कमीत कमी ७६ टक्के, दुसरीला ७०, तिसरीला ६०. घरातली साबणाची वडी उचला आणि मागे बघा. काहींवर 'टॉयलेट सोप' ऐवजी 'बेदिंग बार' लिहिलेलं सापडेल, त्याचं मानक वेगळं आणि टीएफएमची अट बरीच खाली. हे वाचायला शिकलात की दुकानात उभं राहून लई मजा येते.

उटणं कॉस्मेटिक की आयुर्वेदिक, हा मोठा फाटा आहे. आयुर्वेदिक म्हणून विकायचं तर आयुषचा वेगळा परवाना, फॉर्म २५-डी. भारतात 'आयुर्वेदिक' लिहिलं की खप वाढतो म्हणून लोक तिकडे धावतात. पण सीमा ओलांडली की चित्र बदलतं. युरोपात आणि अमेरिकेत 'आयुर्वेदिक' नावाचा कायदेशीर खानाच नाही. तिथं माल एकतर कॉस्मेटिक किंवा औषध. आणि कुठल्या खान्यात जाणार हे बरंचसं ठरतं पाकिटावरच्या वाक्यावरून.

हे नीट ऐका, कारण फुकटात मिळणारा हा सगळ्यात मोठा सल्ला आहे. 'त्वचा मऊ करतं, उजळ दिसते' हे कॉस्मेटिक. 'पिंपल्स घालवतं' हे अमेरिकेत औषध. 'केस गळती थांबवतं, नवे केस उगवतात' हेही औषध. कोंडा घालवणारा शाम्पू औषध. सनस्क्रीन अमेरिकेत औषध, युरोपात मात्र कॉस्मेटिक. तेल तेच, बाटली तीच, एक ओळ बदलली आणि तुमचा माल नोंदणी न झालेलं औषध म्हणून बंदरात पडून राहतो. आणि ती ओळ फक्त पाकिटावर बघतात असं नाही. तुमची वेबसाइट, इन्स्टाची कॅप्शन, 'माझा सोरायसिस बरा झाला' म्हणणारा ग्राहकाचा रील जो तुम्ही कौतुकानं शेअर केलात, तेही दावा म्हणून धरलं जाऊ शकतं.

साबणाची तर गंमतच आहे. अमेरिकेत खराखुरा साबण, म्हणजे तेल आणि कॉस्टिकच्या क्रियेतून झालेला, त्यावरच फेसणारा आणि फक्त 'साबण' म्हणून विकलेला, हा एफडीएच्या कॉस्मेटिकच्या नियमात येतच नाही. त्याचं दुसरं खातं आहे, ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोग. 'मॉइश्चरायझिंग' लिहिलं की तो कॉस्मेटिक झाला. 'जंतू मारतो' लिहिलं की औषध. एका वडीचे तीन जन्म.

शिसं, पारा आणि मुलतानी माती

आता लॅबचा भाग. हा भाग मी जास्त वेळ बोलणार आहे, कारण कागदपत्रांच्या गडबडीत लोक विसरतात की हे सगळं माणसाच्या कातडीसाठी चाललंय.

२०२३ मध्ये अकोल्याची बातमी आली होती. एका घरातल्या तीन बायका, एक विद्यार्थिनी, तिची आई आणि बहीण, गोरं करणारं एक क्रीम वापरत होत्या आणि तिघींच्याही मूत्रपिंडाला इजा झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतल्यावर क्रीममध्ये पारा निघाला. पारा त्वचेतला रंग तयार होणं दाबतो, म्हणून आठ-पंधरा दिवसांत 'रिझल्ट' दिसतो, आणि तोच पारा रक्तातून मूत्रपिंडात जातो. भारताच्या नियमात डोळ्यांच्या प्रसाधनात ७० पीपीएमपर्यंत आणि बाकी कॉस्मेटिकमध्ये नकळत आलेला १ पीपीएमपर्यंतच पारा चालतो. पीपीएम म्हणजे दहा लाखात एक भाग. एका किलोत एक मिलिग्रॅम.

दुसरी गोष्ट सिंदूर-कुंकवाची. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी सिंदूरचे ११८ नमुने तपासले, ९५ न्यू जर्सीतल्या दुकानांतले आणि २३ मुंबई-दिल्लीचे. अमेरिकन एफडीएची शिशाची मर्यादा आहे २० मायक्रोग्रॅम प्रतिग्रॅम, म्हणजे २० पीपीएम. अमेरिकेतल्या नमुन्यांपैकी १९ टक्के आणि भारतातल्यांपैकी ४३ टक्के या मर्यादेच्या वर होते. म्हणजे त्या ताईचं पाकीट ज्या राज्यातल्या कपाटात बसणार आहे, तिथल्याच दुकानांतून हे नमुने उचलले होते. भारतीय दुकानातल्या रंगीत पुडीकडे तिथले अधिकारी वाकड्या नजरेनं बघतात, त्याला हे कारण आहे. शिशाला सुरक्षित पातळी नाही, आणि लहान मुलांच्या मेंदूला ते सगळ्यात जास्त लागतं. कुंकू बोटाला लागतं, बोट बाळाच्या तोंडात जातं, एवढा सरळ रस्ता आहे तो.

"पण आमच्या उटण्यात रंगच नाही, सगळं नॅचरल आहे." हे वाक्य मला दर दोन दिवसांनी ऐकायला मिळतं. उटण्यात काय असतं? नागरमोथा, गव्हला कचोरा, आंबेहळद, वाळा, संत्र्याची साल, गुलाबाच्या पाकळ्या आणि वजन वाढवायला मुलतानी माती. आता माती म्हणजे जमिनीतून काढलेलं खनिज. त्यात शिसं, आर्सेनिक निसर्गतःच थोडंफार असतं, खाणीप्रमाणे कमी-जास्त. मुळ्या जमिनीखाली वाढतात, त्याही जमिनीतलं घेतात. हळदीला रंग यावा म्हणून लेड क्रोमेट मिसळल्याची प्रकरणं दक्षिण आशियात सापडलेली आहेत. नॅचरल म्हणजे स्वच्छ नव्हे.

शिवाय जंतू. उन्हात वाळवलेल्या पाकळ्या, दमट पावसाळा (कोल्हापूरचा पावसाळा कसा असतो हे सांगायला नको), त्यात बुरशी आणि जंतू आलेच. आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ १७५१७ नाही, १७५१६ — नंबर नीट लिहून घ्या, लॅबला हाच सांगायचा. त्यात साधारण प्रसाधनाला एका ग्रॅममध्ये १००० पर्यंत जंतू चालतात. तीन वर्षांखालच्या मुलांच्या आणि डोळ्यांजवळच्या प्रसाधनाला फक्त १००. आणि ई. कोलाय, स्युडोमोनास, स्टॅफ आणि कॅन्डिडा हे चार सापडताच कामा नयेत. दिवाळीत उटणं कुणाला लावतात? बारक्या पोरांनाच की. मग मर्यादा कुठली धरायची ते तुम्हीच ठरवा.

चाचणी एनएबीएलची मान्यता असलेल्या लॅबमधून करायची. पण मान्यता लॅबला सरसकट नसते, ठराविक चाचण्यांना असते. म्हणून लॅबचा 'स्कोप' एनएबीएलच्या वेबसाइटवर उघडून बघा, कॉस्मेटिकमधले जड धातू त्यात आहेत का. आणि अहवालावरचा बॅच नंबर तुमच्या पाकिटावरच्या बॅच नंबरशी जुळला पाहिजे. मागच्या वर्षीचा एक चांगला अहवाल लॅमिनेट करून दर ऑर्डरीला पाठवणारे लोक मी बघितलेत. माती बदलली, व्यापारी बदलला, तर तो कागद दुसऱ्याच मालाचा.

अमेरिका

अमेरिकेचा कॉस्मेटिकचा कायदा कित्येक दशकं जवळपास तसाच होता. २९ डिसेंबर २०२२ ला नवा कायदा आला, त्याला मोक्रा म्हणतात. आता कारखान्याची एफडीएकडे नोंदणी, दर दोन वर्षांनी नूतनीकरण. प्रत्येक उत्पादनाची यादी, घटकांसकट, दरवर्षी अद्ययावत. परदेशी कारखान्याला अमेरिकेत राहणारा एक एजंट नेमावा लागतो. एफडीएनं याची अंमलबजावणी १ जुलै २०२४ पासून धरली. आणि माल सुरक्षित आहे याचा पुरावा तुमच्या फाइलीत हवा. गंभीर त्रासाची तक्रार आली तर कामकाजाच्या १५ दिवसांत एफडीएला कळवायचं.

छोट्या धंद्याला इथं सवलत आहे आणि एजंट लोक ती कधीच सांगत नाहीत. गेल्या तीन वर्षांत अमेरिकेतली कॉस्मेटिकची सरासरी वार्षिक विक्री दहा लाख डॉलरच्या खाली असेल तर कारखान्याची नोंदणी आणि उत्पादन यादी, दोन्हीतून सूट. म्हणजे आपल्या ताईच्या पाचशे पाकिटांना कदाचित ती नोंदणीच लागणार नाही, जिचं खोटं सर्टिफिकेट तिला विकलं जात होतं. सूट कुणाला नाही? डोळ्याच्या आतल्या पडद्याला लागणाऱ्या वस्तूंना. म्हणजे काजळवाल्यांनी उड्या मारू नयेत. आणि सूट असली तरी सुरक्षिततेचा पुरावा, लेबल आणि तक्रारीचे नियम लागूच राहतात. तक्रारीसाठी लेबलवर अमेरिकेतला पत्ता किंवा फोन किंवा ईमेलसारखा संपर्क हवा. दुकानदार स्वतःचा द्यायला तयार आहे का, हे ऑर्डर घेण्याआधी विचारा.

रंगांबाबत अमेरिका सगळ्यात कडक. त्यांच्या मंजूर यादीतलाच रंग, आणि ज्या कामासाठी मंजूर त्याच कामासाठी. पारंपरिक सुरमा-काजळातला शिशाचा रंग त्या यादीत नाही. मेंदी केसांना लावायला मंजूर आहे, हातावर काढायला नाही! लग्नाच्या मेंदीचा कोन 'त्वचेसाठी' म्हणून पाठवला तर तिथं तो नियमबाह्य. अडकलेल्या कंपनीचं नाव एकदा इम्पोर्ट अलर्टच्या यादीत गेलं की पुढचा माल न तपासताच रोखला जाऊ शकतो, आणि यादीतून नाव काढायची जबाबदारी तुमची.

युरोप, इंग्लंड, आखात

युरोप वेगळ्याच पट्टीचा. तिथला नियम १२२३/२००९, जुलै २०१३ पासून पूर्ण लागू. पहिली अट अशी की युरोपियन युनियनमध्ये एक 'जबाबदार व्यक्ती' हवी, कंपनी किंवा माणूस, जिचं नाव-पत्ता पाकिटावर असतो आणि काही झालं तर सरकार जिच्या दारात जातं. पुण्यातला मावसभाऊ जर्मनीत आहे म्हणून त्याचं नाव टाकलं, असं करू नका. त्याच्यावर खरी कायदेशीर जबाबदारी येते.

दुसरी अट सुरक्षा अहवाल. पात्र विषतज्ज्ञ प्रत्येक घटक, त्याचं प्रमाण, कुणाच्या अंगाला किती वेळ लागणार, हे बघून सही करतो. तो अहवाल, फॉर्म्युला, चाचण्या, पद्धत यांची एक फाइल होते आणि शेवटची बॅच बाजारात गेल्यावर दहा वर्षं ती ठेवायची. मग सीपीएनपी नावाच्या पोर्टलवर सूचना द्यायची. ही सूचना फुकट असते. फुकट नसतो तो अहवाल, आणि तो प्रत्येक फॉर्म्युल्याला वेगळा. म्हणून दहा प्रकारचे साबण घेऊन युरोपात जाऊ नका, दोन घेऊन जा.

युरोपात कोल्हापूरचा छोटा उत्पादक अडखळतो तो वासावर. बाजारातून 'मोगरा फ्रॅग्रन्स'ची बाटली आणली, आत काय आहे कुणाला माहीत? लिलिअल नावाचा फुलासारखा वास देणारा घटक युरोपनं १ मार्च २०२२ पासून बंद केला, तरी स्वस्त सुगंधांत तो अजून सापडतो आणि सेफ्टी गेट या त्यांच्या सार्वजनिक यादीत फोटोसकट नाव झळकतं. ॲलर्जी आणणाऱ्या सुगंधी घटकांची लेबलवर लिहायची यादी आधी २६ ची होती, ती आता ऐंशीच्या वर गेलीय. नव्या मालाला ३१ जुलै २०२६ पासून, जुन्याला ३१ जुलै २०२८ पर्यंत मुदत. म्हणून सुगंधाच्या व्यापाऱ्याकडून आयएफआरए प्रमाणपत्र आणि ॲलर्जन्सचा कागद मागा. 'कागद नाही, पण माल एक नंबर' म्हणाला तर दुसरा व्यापारी बघा.

इंग्लंड युनियनमधून बाहेर पडल्यापासून तिथली जबाबदार व्यक्ती वेगळी आणि पोर्टलही वेगळं. दुबईला महानगरपालिकेच्या 'मोंताजी' प्रणालीत उत्पादन नोंदवावं लागतं, आणि ते काम सहसा तिथला आयातदार करतो. इंडोनेशियात १७ ऑक्टोबर २०२६ पासून कॉस्मेटिकला हलाल बंधनकारक होतंय. बाकी ठिकाणी हलाल बहुतेक वेळा ग्राहकाची मागणी असते. ज्या देशात विकायचं नाही, त्या देशाचा शिक्का घेण्यात काय अर्थ आहे?

आयएसओ आणि ससा

आता ज्याची जाहिरात सगळ्यात जास्त होते ते. कॉस्मेटिकसाठी कामाचं मानक आयएसओ २२७१६. चांगल्या उत्पादन पद्धतीचं हे मानक कच्चा माल येण्यापासून पाकीट बाहेर जाईपर्यंत सगळं बघतं. युरोप याच पद्धतीची अपेक्षा करतो. आयएसओ ९००१ कुठल्याही धंद्याला मिळतं, अगदी क्लासेसनाही, त्याचा उटण्याच्या सुरक्षिततेशी थेट संबंध नाही. आणि आयएसओ ही संस्था स्वतः कुणालाच प्रमाणपत्र देत नाही. देतात त्या प्रमाणन संस्था, आणि त्या संस्थांवर मान्यता देणारी संस्था असते, आपल्याकडे एनएबीसीबी. तुमच्या जागेवर कुणी पाऊलच ठेवलं नाही आणि तरी प्रमाणपत्र आलं, तर तो कागद कशाचा असेल ते कळतंच.

सशाच्या लोगोचंही तसंच. भारतात २०१४ पासून कॉस्मेटिकची प्राण्यांवर चाचणी बंद आहे, युरोपात २०१३ पासून तशा मालाची विक्रीही बंद. लीपिंग बनीसारखा खरा लोगो घ्यायचा तर कच्चा माल देणाऱ्यांचीही साखळी दाखवावी लागते. इंटरनेटवरून उडी मारणारा कुठलातरी ससा डाउनलोड करून छापला, तर तो नुसता ससा. 'ऑरगॅनिक'साठी कॉसमॉससारखी मानकं आहेत, ती महाग आहेत, आणि पहिल्या पाचशे पाकिटांना माझ्या मते त्यांची गरज नाही.

पाकीट बाहेर पडताना

निर्यातीचे कागद थोडक्यात. डीजीएफटीकडून आयईसी नंबर, ऑनलाइन, शुल्क ५०० रुपये. दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये तो अद्ययावत करायचा, बदल काही नसला तरी. कॉस्मेटिक आणि साबणांची निर्यात परिषद म्हणजे केमेक्सिल, १९६३ पासूनची, मुंबईत. तिचं सदस्यत्व सवलतींसाठी उपयोगी. काही देश 'फ्री सेल सर्टिफिकेट' मागतात, म्हणजे हा माल भारतात उघडपणे विकला जातो असा दाखला. कॉस्मेटिकसाठी तो औषध प्रशासनाकडून येतो, आणि घरचा परवाना असेल तरच. बघा, पुन्हा सीओएस-८ वरच आलो.

एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. रक्तचंदन. ते सायटिस या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, आणि त्यात फक्त ओंडके नाहीत, पावडर आणि अर्कसुद्धा येतो. भारतातून त्याच्या निर्यातीवर कडक निर्बंध आहेत. आजीच्या उटण्यात चमचाभर रक्तचंदन असेल तर घरी खुशाल लावा, परदेशी पाकिटातून काढा. कोष्ठ हे मूळ तर पहिल्या परिशिष्टात आहे, त्याच्या वाट्याला जाऊच नका. आणि अल्कोहोल असलेलं अत्तर-परफ्यूम विमानात धोकादायक माल म्हणून जातं. कुरिअरवाल्याला 'कपडे आहेत' सांगून पाठवणं महागात पडतं.

तर ताई, तुम्ही काय करायचं? कर्जाचा विषय तूर्त बाजूला ठेवा. आधी परवाना असलेला कारखाना शोधा, सांगली, पुणे, कुठंही, आणि त्याचा सीओएस-८ स्वतःच्या डोळ्यांनी बघा, त्यावर उटण्यासारख्या पावडरची नोंद आहे का तेही. पहिल्या ऑर्डरीत फक्त उटणं. तेलाच्या बाटलीवर केस गळतीचं वाक्य आहे, ते आधी भारतातल्या लेबलवरूनही काढा. मुलतानी माती आणि आंबेहळद घेताना एकाच बॅचचा साठा घ्या आणि दळायच्या आधी त्याच दोन गोष्टींचे जड धातू तपासा. तिथं नापास झालं तर पुढचा सगळा खर्च वाचतो. मग तयार मालाची धातू आणि जंतूंची चाचणी, बॅच नंबरसकट. न्यू जर्सीच्या दुकानदाराला लेखी विचारा: लेबलवर संपर्क कुणाचा, आयातदार म्हणून नाव कुणाचं, आणि बंदरात माल अडकला तर खर्च कुणाचा. तिसऱ्या प्रश्नावर तो गप्प बसला तर ऑर्डर पन्नास पाकिटांची करा.

त्या एजंटला एकच मेसेज टाका: तुमच्या यूएस एफडीए सर्टिफिकेटची लिंक एफडीएच्या स्वतःच्या वेबसाइटवर दाखवा. उत्तर आलं तर मला फॉरवर्ड करा, पुढच्या भागात वाचून दाखवतो.